मोटारीच्या रंगावरील पारदर्शक लेप : ऱ्हासाची ओळख आणि उपाययोजना

बडोदे शहराच्या पश्चिम भागात गोरवा, गोत्री व इलोरा पार्क या वस्त्यांच्या सान्निध्यात सुभानपुरा वसलेले आहे. येथील जुन्या सोसायट्यांची आखणी दारोदारी मोटार नसलेल्या काळातील आहे. त्यामुळे अनेक गाड्या अंगणाबाहेर, उघड्या आकाशाखाली उभ्या असतात. दुपारच्या वेळी या गल्ल्यांतून फेरफटका मारल्यास एक दृश्य वारंवार दिसते. गाडीचे दरवाजे अद्याप चकचकीत असतात. परंतु बॉनेट व टप यांवर नकाशातील बेटांसारखे पांढुरके डाग पडलेले असतात आणि डागांच्या कडांना पातळ पापुद्रे सुटलेले असतात. ‘रंग उडाला’ असे म्हणून मालक हळहळतो व गाडी पॉलिशला देतो.

वस्तुतः रंग उडालेला नसतो. रंगावर जे पारदर्शक आवरण असते, ज्यास गॅरेजच्या भाषेत ‘क्लिअर कोट’ म्हणतात, ते निकामी झालेले असते. रोगाचे नाव चुकले की औषध चुकते, हा नियम येथेही लागू पडतो. पॉलिश हे घर्षणाने पृष्ठभाग झिजविण्याचे साधन आहे. गेलेला लेप परत आणण्याचे सामर्थ्य त्यात नाही. यास्तव प्रथम लेपाची अवस्था ओळखावी व मगच खर्च करावा, ही गोष्ट प्रत्येक वाहनधारकाने ध्यानात घेणे इष्ट होय.

विवेचन सुलभ व्हावे म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, सुभानपुऱ्यातील हाय टेन्शन रस्त्यालगतच्या एका गल्लीत गडद निळ्या रंगाची, दहा वर्षे वापरलेली मोटार उभी आहे. तिचे बॉनेट व टप डागाळले आहेत, डिकी निस्तेज झाली आहे आणि दरवाजे सुस्थितीत आहेत. मालकाने तीन वर्षांत तीन वेळा पॉलिश करवून घेतले. प्रत्येक वेळी चमक काही आठवडे टिकली आणि नंतर डाग पूर्वीपेक्षा मोठे झाले. असे का झाले व आता काय करावे, याचा उलगडा पुढील विवेचनातून होईल.

लेपाची रचना

पूर्वीच्या मोटारींवर पारदर्शक लेप नसे. अमेरिकेत १९२३-२४ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजपासून बनविलेले ‘ड्युको’ हे लॅकर मोटारींसाठी वापरात आले. लवकर वाळणाऱ्या या रंगामुळे गाडी रंगविण्याचा कालावधी फार कमी झाला. आपल्याकडील गॅरेजमध्ये व सुतारकामात ‘ड्युको’ हा शब्द ऐकू येतो, तो त्या काळाचा वारसा होय. जानेवारी २०२३ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्या प्रकारच्या मोटारींच्या मूळ रंगात चमक व वर्ण या दोन्ही गोष्टी एकाच लेपात सामावलेल्या असत. अॅम्बॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे साधे रंगही याच जातीचे होते. असा रंग निस्तेज झाला तरी वरचा थर घासून काढल्यास खाली तोच रंग ताजा मिळे. ‘पॉलिश केले की गाडी नवी होते’ ही समजूत त्या काळी बऱ्याच अंशी खरी होती.

१९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून, विशेषतः १९८० नंतर, जगभर दुहेरी लेपाची पद्धत पसरली. भारतातही धातुचमकीच्या रंगांबरोबर ती रूढ झाली. या पद्धतीत पत्र्यावर प्रथम विद्युत्-प्रक्रियेने गंजरोधक थर दिला जातो. त्यावर अस्तर, अस्तरावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक लेप असतो. कारखान्यातील या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यांपैकी रंगाचा थर १५ ते २० मायक्रॉनचा व पारदर्शक लेप ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. म्हणजे ज्यावर गाडीची सर्व शोभा अवलंबून आहे तो लेप माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो.

या रचनेत कामाची वाटणी झालेली आहे. रंगाच्या थराने वर्ण द्यावा व पारदर्शक लेपाने चमक व संरक्षण द्यावे. रंगाचा थर स्वतः ऊन व पाणी सोसण्यासाठी बनविलेलाच नसतो. वरचे छत्र गेले की तो फार काळ तग धरत नाही.

ऱ्हासाची कारणे

पहिले व प्रमुख कारण ऊन होय. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लेपातील रेणूंचे बंध तोडतात. तुटलेल्या ठिकाणी हवेतील प्राणवायूचा संयोग होऊन लेप ठिसूळ बनतो. हे टाळण्यासाठी लेपात अतिनील किरण शोषून घेणारी व तुटीची साखळी थोपविणारी द्रव्ये मिसळलेली असतात. परंतु ती हळूहळू खर्ची पडतात व त्यानंतर ऱ्हासाचा वेग वाढतो.

या बाबतीत बडोद्याचे भौगोलिक स्थान विचारात घेण्याजोगे आहे. हे शहर सुमारे २२ अंश १८ कला उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात व पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर असतो. जुलैत बहुधा ढगांचे आच्छादन असते. परंतु मे महिना व जूनचा आरंभ यांत तसे संरक्षण नसते. मे महिन्यात तापमापकातील पारा ४० अंशांपलीकडे जाणे येथे नवलाचे नाही आणि उन्हात उभ्या असलेल्या गडद गाडीचा पत्रा ७० अंशांच्याही पुढे तापू शकतो. सरळ माथ्यावरून येणारे ऊन टप, बॉनेट व डिकी या आडव्या भागांवर सर्वाधिक पडते. दरवाजांवर ते तिरके पडते. आपल्या उदाहरणातील दरवाजे का टिकले, याचे उत्तर यात आहे.

दुसरे कारण पाणी होय. ठिसूळ लेपात केसासारख्या बारीक भेगा पडतात. पावसाळ्यात त्यांतून ओल आत शिरते व लेप आणि रंग यांमधील पकड सैल करते. उन्हाळा भेगा पाडतो आणि पावसाळा लेप उचलतो, असा हा क्रम आहे.

तिसरे कारण रासायनिक आघाताचे आहे. पक्ष्यांची विष्ठा तापलेल्या लेपावर पडून वाळली तर ती त्यावर खड्डा कोरते. आंब्यावरील तुडतुडे व इतर रसशोषक किडी यांच्या शरीरातून स्रवणारा गोड चिकटा गाडीवर साचतो व उन्हात घट्ट बसतो. औद्योगिक वातावरणातील आम्लधर्मी दव व पाऊस यांचाही परिणाम होतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल येथे उष्णता, दमटपणा व आम्लता यांचा असा संयोग होतो, की लेपांची आम्लसहनशीलता तपासण्यासाठी रंगउद्योगाने तेच ठिकाण प्रमाण म्हणून स्वीकारले आहे. आम्लाचा थेंब सुकत जातो तसतशी त्याची तीव्रता वाढते. म्हणून मुसळधार पावसापेक्षा दीर्घ कोरड्या काळानंतरचा हलका शिडकावा व त्यामागून पडणारे ऊन अधिक बाधक ठरते.

चौथे कारण मानवी असते. अपघातानंतर पुन्हा रंगविताना लेप पातळ दिला, हार्डनरचे प्रमाण चुकले, खालचा पृष्ठभाग नीट घासला नाही किंवा रंग व लेप यांत निर्दिष्ट मुदतीपेक्षा अधिक काळ जाऊ दिला, तर पकड मुळातच कच्ची राहते. अशा ठिकाणी लेप ठिपक्याठिपक्यांनी न जाता सालीसारखा मोठ्या तुकड्यांत निघतो आणि तोही एकाच पत्र्यापुरता. उन्हाने गेलेला लेप व कारागिरीच्या दोषाने गेलेला लेप यांतील हा फरक ओळखता येणे महत्त्वाचे आहे, कारण दुसऱ्या प्रकारात काम करणाऱ्यावर जबाबदारी येते.

परीक्षा कशी करावी

परीक्षेपूर्वी गाडी सावलीत धुऊन कोरडी करावी. त्यानंतर पुढील चार परीक्षा कोणासही घरी करता येतात.

पहिली, फडक्याची परीक्षा. स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर अत्यल्प पॉलिश घेऊन कोपऱ्यातील लहानशी जागा घासावी. फडक्यास गाडीचा रंग लागला, तर त्या ठिकाणी रंगच वर आहे. मुळात एकेरी लेप असेल किंवा पारदर्शक लेप पूर्ण गेला असेल तर असे होते. काही पांढऱ्या साध्या रंगाच्या गाड्यांवर व व्यापारी वाहनांवर एकेरी लेप आढळतो, म्हणून ही परीक्षा प्रथम करावी. रंग लागला नाही, तर पारदर्शक लेप तेथे अद्याप आहे.

दुसरी, पाण्याची परीक्षा. निस्तेज जागेवर पाणी शिंपडावे. ओली असेतोवर जागा पूर्ववत दिसली व वाळल्यावर पुन्हा मंद झाली, तर खरखरीतपणा पृष्ठभागापुरता आहे असा संभव असतो. ओल्या अवस्थेतही पांढुरकी छटा किंवा भेगांचे जाळे दिसत राहिले, तर दोष खोलवर गेला आहे.

तिसरी, नखाची परीक्षा. डागाच्या कडेवरून नख हलके फिरवावे. पायरी लागली, तर लेप सुटलेला आहे.

चौथी, चिकटपट्टीची परीक्षा. कडेवर चिकटपट्टी दाबून बसवावी व झटक्याने ओढावी. पट्टीस पारदर्शक कपचे चिकटून आले, तर दिसणाऱ्या डागापलीकडील लेपही सैल झाला आहे.

मोठ्या गॅरेजमध्ये जाडी मोजण्याचे यंत्र असते. त्याचे वाचन सर्व थरांच्या एकत्रित जाडीचे असते, एकट्या पारदर्शक लेपाचे नसते. वाचन १०० ते १५० च्या आसपास असेल तर रंग बहुधा कारखान्यातील आहे. ते २००-३०० पर्यंत गेल्यास पत्रा पुन्हा रंगविलेला असण्याची शक्यता असते आणि त्याहून पुष्कळ अधिक असल्यास खाली लांबी भरलेली आहे, असा तर्क करता येतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यास ही माहिती फार उपयोगी पडते. मेणाचा ताजा थर किंवा तेलाचा हात देऊन झाकलेला दोष चांगले धुतल्यावर व उन्हात पाहिल्यावर उघड होतो. म्हणून गाडी संध्याकाळी किंवा ओली असताना पाहून सौदा करू नये.

तीन अवस्था व त्यांवरील उपाय

पहिली अवस्था निस्तेजतेची. लेप अखंड आहे, परंतु पृष्ठभाग मंद व किंचित खरखरीत झाला आहे. येथे पॉलिश योग्य आहे. प्रथम पृष्ठभागात रुतलेले कण काढावेत, शक्य तितके सौम्य पॉलिश वापरावे व शेवटी मेण किंवा तत्सम संरक्षक द्यावे. मात्र प्रत्येक पॉलिश लेपाचा काही अंश कायमचा नेते. ही शिल्लक रक्कम आहे. ती दरवर्षी खर्चू नये.

दुसरी अवस्था भेगांची. जवळून पाहिल्यास वाळलेल्या तळ्याच्या गाळासारखे सूक्ष्म जाळे किंवा लेपाच्या आतील दुधाळपणा दिसतो. भेगा लेपाच्या जाडीत उतरलेल्या असल्याने त्या घासून काढू गेल्यास लेपच संपतो. पॉलिशने काही दिवस शोभा येते, पण ऱ्हास लांबत नाही. या अवस्थेत घासणे थांबवावे, गाडी झाकून ठेवावी व पुन्हा रंगविण्याची तरतूद करावी.

तिसरी अवस्था पोपड्यांची. लेप सुटू लागला आहे. येथे पॉलिश निरुपयोगीच नव्हे, तर घातक आहे. फिरत्या यंत्राची चकती सैल कडा उचलते व उघड्या पडलेल्या रंगाचा पातळ थर खरडते. आपल्या उदाहरणातील मालकाचे तीन वेळचे पैसे याच कामी गेले. रॉकेलचा किंवा खोबरेल तेलाचा हात देणे ही केवळ ओलाव्याची चमक होय. फवाऱ्याच्या डब्यातील लेप जुन्या कडेवर मारल्यास नवा थर सैल पायावर उभा राहतो व कडेपासून पुन्हा उचलला जातो.

पुनर्लेपनाची योग्य रीत

तिसऱ्या अवस्थेत संबंधित पत्रा कडेपासून कडेपर्यंत करावा. मधल्या डागापुरता पारदर्शक लेप देऊन त्याची कडा पत्र्याच्या मध्यावर विरविली, तर ती अतिपातळ कडाच प्रथम निकामी होते. सैल लेप पूर्ण काढावा व घट्ट भागाकडे जाणारी कडा पॉलिश पेपरने बोटास न जाणवेल इतकी उतरती करावी. अस्तर उघडे पडले असल्यास नवे अस्तर द्यावे आणि पत्रा दिसला असल्यास त्याआधी गंज काढून गंजरोधक थर द्यावा. नंतर रंगाचे पातळ हात, दोन हातांमध्ये थिनर उडून जाण्यापुरता अवकाश आणि शेवटी पारदर्शक लेपाचे साधारणतः दोन हात, असा क्रम असतो. हार्डनर व थिनर यांचे प्रमाण उत्पादकाने छापलेल्या पत्रकाप्रमाणे मापाने घ्यावे, अंदाजाने घेऊ नये.

कारखान्यातील लेप सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्का केला जातो. तयार गाडीत रबर, प्लॅस्टिक व विद्युत् उपकरणे असल्याने गॅरेजमध्ये इतकी उष्णता देता येत नाही. तेथील लेप हार्डनरच्या रासायनिक क्रियेने पक्का होतो. म्हणून ऋतूची निवड महत्त्वाची ठरते. मे महिन्यात थिनर अतिवेगाने उडून पृष्ठभाग खरबरीत राहतो किंवा आत बुडबुडे अडकतात. पावसाळ्यात दमट हवेमुळे लेपावर दुधाळ छटा येते, कारण हार्डनर ओलीशीही संयोग पावतो. तापमान व दमटपणा यांवर नियंत्रण ठेवणारी बंदिस्त खोली उपलब्ध नसेल, तर बडोद्यासारख्या ठिकाणी दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ या कामास सर्वांत अनुकूल होय.

कारागिराचे आरोग्य

या विषयाची एक बाजू गाडीच्या मालकास सहसा दिसत नाही. पक्क्या होणाऱ्या दुहेरी लेपाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील द्रव्ये असतात. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेतील मिथिल आयसोसायनेट हा वायू व हे द्रव्य एकाच रासायनिक कुळातील असले तरी एक नव्हेत. तथापि हार्डनरमधील द्रव्याचा सूक्ष्म फवारा श्वासावाटे गेल्यास किंवा त्वचेस वारंवार लागल्यास दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले, की त्यानंतर अत्यल्प मात्राही तीव्र त्रास देते आणि कारागिरास धंदाच सोडावा लागतो. घातक मात्रेचा वास येईलच असे नाही.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठीचा साधा मुखवटा येथे कुचकामी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा, हातमोजे, पूर्ण अंगभर कपडे व हवा खेचून घेणारा पंखा असलेली वेगळी खोली ही किमान गरज होय. फवारणी थांबल्यावरही काही काळ हे कण हवेत राहतात. म्हणून मुखवटा लगेच काढू नये व शेजारी दुसरे काम चालू ठेवू नये. रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीशेजारी व मुले ये-जा करतात अशा जागी हार्डनरयुक्त लेपाची फवारणी होऊ नये. स्वस्त दराचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकाने त्या दरातून काय वगळले जाते, याचाही विचार करावा.

ग्राहकाने घ्यावयाची खबरदारी

गाडी हमीच्या मुदतीत असेल व लेप सुटू लागला असेल, तर छायाचित्रांसह लेखी तक्रार द्यावी. तोंडी बोलण्यावर विसंबू नये. खासगी गॅरेजकडून काम करून घेताना कोणते पत्रे रंगविले जातील, कोणत्या प्रतीचा लेप वापरला जाईल व कामाची हमी किती काळाची आहे, हे देयकावर लिहून घ्यावे. कामात त्रुटी राहून दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. वाहनाचा रंग नोंदणीच्या अभिलेखात नमूद असतो. त्याच रंगात पुन्हा रंगविल्यास प्रश्न उद्भवत नाही. रंग बदलावयाचा असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाशी आधी संपर्क साधून नोंदीत तसा बदल करून घ्यावा.

जतन हेच खरे संरक्षण

लेप टिकविण्याचे उपाय साधे आहेत. दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडावी. मात्र ती पक्ष्यांच्या थाऱ्याखाली किंवा चिकटा गळणाऱ्या झाडाखाली नसावी. विष्ठा दिसताच भरपूर पाण्याने भिजवून मऊ करावी व मग टिपून घ्यावी. वाळलेली खरडू नये. कोरड्या फडक्याने रोज धूळ पुसण्याची सवय सोडावी, कारण ती धूळच पॉलिश पेपरचे काम करते. धुण्यासाठी कपड्यांची पावडर न वापरता मोटारीचा सौम्य शॅम्पू वापरावा. वर्षातून दोन-तीनदा, विशेषतः उन्हाळ्याच्या व पावसाळ्याच्या तोंडावर, मेण किंवा तत्सम संरक्षक द्यावे. आच्छादन वापरल्यास ते स्वच्छ गाडीवरच घालावे व ओल कोंडू देऊ नये.

आता उदाहरणातील निळ्या गाडीकडे पुन्हा वळू. डिकीवर फडक्यास रंग लागत नाही व पाण्याने चमक परतते. ती पहिल्या अवस्थेत आहे. तिला एकदा सौम्य पॉलिश व मेण पुरेसे आहे. बॉनेट व टप यांवर नखास पायरी लागते व चिकटपट्टीवर कपचे येतात. ते तिसऱ्या अवस्थेत आहेत. तेथे पॉलिशवर आणखी एक रुपयाही खर्चू नये. पावसाळाभर गाडी आडोशाला ठेवून दिवाळीनंतर ते दोन पत्रे पूर्ण रंगवून घ्यावेत. दरवाजांना हात लावण्याचे कारण नाही. कारखान्यात भट्टीत पक्का झालेला लेप जेथे शाबूत आहे, तेथे तो राखणे हेच हिताचे. सर्व गाडी रंगविण्याचा खर्च वाचतो आणि दरवर्षीच्या निष्फळ पॉलिशचाही. पत्र्यावरील केसाहून पातळ असलेल्या या आवरणाची किंमत ते असेतोवर जाणली, तर सुभानपुऱ्यातील काय किंवा अन्यत्र काय, पुष्कळ कुटुंबांचा अनाठायी खर्च टळेल.